पूर्ण नाव लिहा

सरकारी असो, बँकेचा असो की वाचनालयाचा असो, कुठल्याही फॉर्मवरची पहिली ओळ ठरलेली : 'पूर्ण नाव लिहा.' आणि माझा बत्तीस वर्षांचा अनुभव सांगतो, की माणूस अडखळतो तो या पहिल्याच ओळीला. जन्मतारीख, पत्ता, शिक्षण ही मंडळी गरीब गाईसारखी आपापल्या रकान्यात जाऊन उभी राहतात. नाव तेवढं गोठ्यात शिरायला तयार नसतं. पाळण्यात ठेवलेलं दत्तात्रय, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रेय, पगारपत्रकावर डी. व्ही., रेशनकार्डावर दत्तू आणि गल्लीत बंडू. यातलं 'पूर्ण' कुठलं, हे सांगायला खुद्द दत्तगुरू आले तरी तीन तोंडांनी तीन उत्तरं देतील.

ही बत्तीस वर्षं मी एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथं माणसं येत ती आपणच आपण आहोत, हे सिद्ध करायला. बायकांची तर फार पंचाईत. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव काढतो. ताट उचललं की तांदळातलं नाव मोडतं, पण रेशनकार्डावरचं पन्नास वर्षं टिकतं. इकडे जुनी 'कुमारी' मॅट्रिकच्या सर्टिफिकेटावर ठाण मांडून बसलेली असते. पुढे या दोघी एकच बाई आहेत, एवढं सांगायला स्टॅम्पपेपर लागतो. पुरुषांचं दुखणं वेगळं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, म्हणून विष्णू नारायण, नारायण विष्णू, पुन्हा विष्णू नारायण अशी पिढ्यान्‌पिढ्या फुगडी चालते. जमीन मात्र एकाच विष्णूची असते.

एवढं सगळं पचवून निवृत्त झालेल्या माणसाला नावांची भीती वाटायचं कारण नव्हतं. म्हणून आमच्या सौभाग्यवतींच्या शाळेतल्या जुन्या सिस्टर जेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, आमच्या कॉन्व्हेंटच्या जुन्या दप्तराला जरा हात लावाल का? नावांची थोडी गडबड आहे," तेव्हा मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. सिस्टर ऐंशीच्या पुढच्या. वसईच्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, आणि विद्यार्थिनीचा नवरा म्हणून मला 'जावईबापू' म्हणण्याचा हक्क त्यांनी परस्पर घेऊन टाकलेला. त्यांनी दाराची कडी काढली. आत तीन कपाटं, सात पेट्या आणि शंभरावर वर्षांच्या सिस्टर.

"थोडी गडबड" हा शब्दप्रयोग किती सोज्वळ होता, हे पहिल्याच दुपारी कळलं.

आपल्या घरच्या सुनेचं नाव एकदा बदलतं. कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या मुलीचंही बदले. बाप्तिस्म्याला एक नाव मिळालेलं असे. पुढे व्रतस्थ जीवनाचा झगा अंगावर चढवायच्या दिवशी दुसरं मिळे. काही ठिकाणी मुलीनं तीन नावं सुचवायची आणि वरिष्ठ मदरनं त्यातलं एक, किंवा तिन्ही सोडून चौथंच द्यायचं, असा रिवाज होता. नाव संताचं हवं. संत बाईच हवी असं मात्र नाही. त्यामुळे सिस्टर मेरी जोसेफ, सिस्टर मेरी इग्नेशियस, सिस्टर मेरी अलॉयसियस अशी नावं सर्रास. आमच्या कचेरीतल्या टायपिस्टला ही यादी दिली असती, तर त्यानं सगळ्यांच्या मागे 'श्री.' लावून टाकलं असतं.

बरं, पुढचं 'मेरी' जवळजवळ सगळ्यांना. अकारविल्हे लावायला बसलो, तर सारं कॉन्व्हेंट 'म'च्या एका खणात येऊन बसलं. शिवाय लिहिणाऱ्यांना शाईची काटकसर. 'मेरी'चं 'एम.' करून टाकलेलं. आता 'एम. फ्रान्सिस' म्हणजे मेरी फ्रान्सिस की मदर फ्रान्सिस? पहिली कदाचित स्वयंपाकघरातली नवखी पोर असेल आणि दुसरी सगळ्या कॉन्व्हेंटची मुख्य. एका टिंबानं कुणाला कुठे नेऊन ठेवावं!

ही टिंबं मोठी धोक्याची. इंग्रजीत 'एफ आर' आणि टिंब म्हणजे फादर. पण तीच दोन अक्षरं लॅटिनमध्ये 'फ्रातेर' आणि पोर्तुगीजमध्ये 'फ्रेइ', म्हणजे मठातला बंधू. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होते. १५९७ साली जपानात नागासाकीला पंचवीस साथीदारांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. संत झाले, पण धर्मगुरूची दीक्षा त्यांनी कधी घेतलेली नव्हती. एखाद्या इंग्रजी शिकलेल्या कारकुनानं जुन्या कागदावरची ती दोन अक्षरं वाचून 'फादर गोन्सालो' असं लिहिलं, की जे पोपनं केलं नाही ते टिंबानं केलं! आणि त्यांचं नाव तरी एक आहे का? पोर्तुगीज कागदांत गोन्सालो, लॅटिनमध्ये गुंदिसाल्वुस. हे दोघे एकच, हे न सांगितलेलं बरं असं वाटण्याइतके ते ऐकायला वेगळे आहेत.

लॅटिन ही फार शिष्ट भाषा. ती कुणालाही घरच्या कपड्यांत दारात उभं करत नाही. पोर्तुगीज घरातला लुईश तिच्या वहीत गेला की अलॉयसियस नाहीतर लुदोव्हिकुस होऊन बाहेर येतो. जॉन तर बहुरूपीच. लॅटिनमध्ये योहान्नेस, पोर्तुगीजमध्ये जुआंव, कोकणीत जुवांव. सेबास्तियांवचा बस्त्यांव होतो. आणि आपल्या देवनागरीनं यात भर घातली नाही, तर ती आपली कसली! इंग्रजी 'टी'नं सुरू होणारी तेरेसा आमच्याकडे तेरेसा, टेरेसा आणि थेरेसा अशी तीन रूपं घेते. म्हणजे एकाच बाईसाठी 'त', 'ट' आणि 'थ' असे तीन खण उघडून बसा. झेवियर 'झ'मध्ये, शेवियर 'श'मध्ये आणि सावियेर 'स'मध्ये. माणूस एक, बिऱ्हाडं तीन.

आता तेरेसांचंच घ्या. स्पेनमधल्या आव्हिलाची तेरेसा, फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेज आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा. तिघीही संत. यातल्या तिसऱ्या म्हणजे जन्मानं आग्नेस गोंजा बोयाजिऊ. १९२८ साली त्या लोरेटो सिस्टरांमध्ये गेल्या. लिझ्यूच्या तेरेजचं नाव घ्यायचं त्यांच्या मनात होतं, पण बरोबरच्या एका मुलीनं ते आधीच पटकावलेलं. म्हणून त्यांनी तेच नाव स्पॅनिश वळणानं घेतलं. साऱ्या जगाला ठाऊक असलेलं हे नाव मुळात दोन सिस्टरांची कागदोपत्री गल्लत होऊ नये म्हणून बदललेलं आहे! ते वाचलं, तेव्हा त्या बाईंबद्दलच्या माझ्या आदरात रेकॉर्ड रूमच्या बाजूनं आणखी भर पडली.

लिझ्यूच्या तेरेजच्या घरी तर पाच बहिणी, आणि पाचही सिस्टर झाल्या. पोलीनची आग्नेस झाली, सेलीनची जेनेव्हिएव्ह आणि लेओनीची फ्रान्स्वाज-तेरेज. मार्तेंबाईंच्या पाच लेकी असं जर कुणी कॉन्व्हेंटच्या यादीत शोधायला गेलं, तर त्याला वाटावं, की या घरात मुली जन्मल्याच नाहीत.

आमच्या पेट्यांत याहून मोठं भूत होतं. सिस्टर वारली, की तिचं नाव मोकळं होई आणि काही वर्षांनी ते नव्या मुलीला देत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं देतात तसंच. हेतू प्रेमाचा. पण १९१० साली गेलेली सिस्टर १९३५ साली पुन्हा गणित शिकवताना दिसली, की माझ्यासारख्याला दरदरून घाम फुटतो. पुनरुत्थानावर त्यांचा विश्वास असेल. हजेरीपटात ते चालत नाही.

त्यावर कळस म्हणजे १९६५ साल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं त्या वर्षी व्रतस्थ संघांनी आपल्या चालीरीती पुन्हा तपासून पाहाव्यात असं सांगितलं. त्यानंतर कितीतरी सिस्टरांनी घेतलेलं नाव ठेवून दिलं आणि बाप्तिस्म्याचं नाव पुन्हा धारण केलं. झालं! एकच बाई घरी एक, १९६५पर्यंत दुसरी आणि नंतर पुन्हा पहिली. खुद्द आमच्या सिस्टर त्यातल्याच. मी विचारलं, "मग तुम्हाला हाक मारली तर कुठल्या नावाला ओ देता?"

"घंटेला," सिस्टर म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, हा सगळा गोंधळ बिचाऱ्या खेड्यापाड्यांतल्या कॉन्व्हेंटचा. रोममध्ये सारं चोख असेल. मीही तसंच समजत होतो. पण पोपच्या यादीत विसावा जॉन नाही! एकोणिसावा आहे, एकविसावा आहे, मधला नाही. मध्ययुगात मोजणारांची गफलत झाली आणि ती तशीच राहिली. तेविसावे जॉन मात्र दोन. पहिले १४१० सालचे, त्यांना पुढे खरे पोप मानलं नाही. म्हणून १९५८ साली निवडून आलेल्या पोपनी तोच आकडा पुन्हा घेतला. आणि ही सारी कागदपत्रं जिथं ठेवतात, त्या व्हॅटिकनच्या दप्तराला शतकानुशतकं 'गुप्त अभिलेखागार' म्हणत. लॅटिन 'सेक्रेतुम' म्हणजे तिथं 'खासगी'. पण लोकांना वाटायचं आत भुयारं आहेत. शेवटी २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याचं नावच बदलून 'अपोस्तोलिक अभिलेखागार' केलं. दप्तरानंही व्रत घेतलं म्हणायचं.

मराठी माणसाला तर हा प्रश्न परका मानताच येत नाही. 'क्रिस्तपुराण' लिहून मराठीची थोरवी गाणारे ते जेझुइट फादर १५७९ साली इंग्लंडहून रोम-लिस्बनमार्गे गोव्याला आले आणि १६१६ साली रायतूरला त्यांचा ग्रंथ छापून झाला. त्यांचं नाव थॉमस स्टीफन्स. कुणी स्टीव्हन्स लिहितात. गोव्याच्या पोर्तुगीजांचे ते तोमास इश्तेवांव. जुन्या लेखकांनी त्यांना बस्टन आणि बुबस्टनही करून ठेवलंय, बहुधा विल्टशायरमधल्या त्यांच्या बुश्टन या गावावरून. एवढ्यानं भागलं असतं. पण १६२९ साली गोव्यात आणखी एका जेझुइट फादरांचं मराठी पुराण निघालं, सेंट पीटरवरचं. ते फ्रेंच, त्यांचं नाव एतिएन द ला क्रुआ. आता फ्रेंचातला एतिएन म्हणजेच इंग्रजीतला स्टीफन आणि पोर्तुगीजांचा इश्तेवांव. म्हणजे एका इश्तेवांवांनी ख्रिस्ताचं पुराण लिहिलं आणि दुसऱ्या इश्तेवांवांनी पीटरचं. एकाचं ते आडनाव, दुसऱ्याचं नाव. चारशे वर्षांपूर्वीची मराठी वाचायला निघालेल्या विद्यार्थ्यानं आधी हे दोन फादर वेगळे काढावेत आणि मग ओव्यांकडे वळावं.

यावर उपाय काय? जगातल्या दप्तरदारांनी तो काढलेला आहे. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेनं १९९६ साली नियम केले आणि २००४ साली ते सुधारले. त्यांचं सार फार सोपं आहे. प्रत्येक माणसाचं एक नाव मुख्य ठरवायचं आणि सगळीकडे तेच, त्याच अक्षरांत, वापरायचं. त्याच्या शेजारी जन्म-मृत्यूची सालं लिहायची, म्हणजे एका नावाच्या दोघी एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. पण बाकीची नावं टाकून द्यायची नाहीत. प्रत्येकासाठी वेगळं कार्ड करायचं आणि त्यावर एकच शब्द लिहायचा : 'पाहा.' बस्टन? पाहा स्टीफन्स. इश्तेवांव? पाहा स्टीफन्स.

आम्ही तसंच करायचं ठरवलं. मुख्य नाव कॉन्व्हेंटमध्ये घेतलेलं. कारण बहुतेक कागद त्याच नावानं बोलतात. ज्यांनी नाव पुन्हा बदललं, त्यांचं शेवटचं. 'मेरी' अकारविल्ह्यात धरायचं नाही. 'एम.' फोडल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आणि प्रत्येक कार्डावर बाप्तिस्म्याचं नाव, बापाचं नाव, गाव, चर्च आणि कॉन्व्हेंटमध्ये आल्याचं साल. कॉम्प्युटरवर चढवायला एक तरुण सिस्टर होती. ती म्हणाली, "अंकल, एवढं कशाला? एक नाव ठेवू या, बाकीची डिलीट." कॉम्प्युटर फार हुशार यंत्र आहे, पण 'सिस्टर एम. फ्रान्सिस' आणि 'सिस्टर मेरी फ्रान्सिस' या त्याला दोन वेगळ्या बायका वाटतात. आणि दोन वेगळ्या फ्रान्सिस मात्र त्याला एक वाटतात. तरी त्या पोरीचं म्हणणं मलाही मोहात पाडत होतं. बत्तीस वर्षं मी हेच तर करत आलो होतो : एक नाव, एक फाईल, एक फीत.

अशात ऑक्टोबरअखेरीला एक गृहस्थ आले. पंचाहत्तरीचे. जवळच्याच गावचे, शेतकरी. हातात टोपी. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कॉन्व्हेंटच्या दफनभूमीत मेणबत्ती लावायला ते दर वर्षी येत, हे सिस्टरांना ठाऊक होतं. कुणासाठी, ते कुणी विचारलं नव्हतं.

"माझी आत्या हितं पुरलीय," ते म्हणाले. "कंची क्रूस तिची, ते माहीत नाय. म्हणून मधल्या मोठ्या क्रुसाखाली लावतो."

"नाव काय त्यांचं?" सिस्टरांनी विचारलं.

"बाय."

"ते घरचं. कॉन्व्हेंटमधलं?"

गृहस्थ टोपी फिरवत राहिले. आत्या कॉन्व्हेंटमध्ये गेली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. दूर दूर बदल्या झाल्या, घरी येण्याची तेव्हा मुभा नसायची. एकदा लहानपणी फाटकाशी भेटली, खाऊ दिला. मग वारल्याचं पत्र आलं. ते पत्र पावसात गेलं. आजोबांनी दुसरं नाव कधी उच्चारलं नाही. घरात ती बायच राहिली. बाप्तिस्म्याचं नाव तेवढं त्यांना आठवत होतं, आणि ते गावातल्या दर तिसऱ्या घरात होतं.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कार्डांची पेटी पुढे ओढली. बाप्तिस्म्याचं नाव काढलं; पाच जणी निघाल्या. गाव लावलं, दोघी राहिल्या. बापाचं नाव लावलं; एक राहिली. 'पाहा.' पाहिलं. एका पुरुष संताचं नाव. मृत्यू १९६१. रांग तिसरी.

आम्ही तिघे मागे गेलो. तिसऱ्या रांगेतल्या त्या क्रुसावर सुरुवातीचं 'सिस्टर' पावसानं पुसून गेलं होतं. उरलं होतं ते नुसतं बाप्याचं नाव. गृहस्थांनी ते दोनदा वाचलं.

"हितनं तर मी दर सालाला जातो," ते म्हणाले. "म्हटलं, कुणी फादर असंल."

मग त्यांनी टोपी खिशात घातली, क्रुसाला हात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. आम्ही दोघं उगीच दुसऱ्या रांगेतली नावं वाचत बसलो.

ते गेल्यावर सिस्टर टेबलापाशी आल्या आणि त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. माझ्या डोळ्यांदेखत, ठसठशीत शाळेच्या अक्षरात लिहिलं : 'बाय.' पुढे 'पाहा', आणि मग ते संताचं नाव.

रेकॉर्ड रूम माझ्या रक्तातली. मी म्हटलं, "सिस्टर, वसईत घरटी एक बाय असेल. असं टोपणनावाचं कार्ड करायला लागलो, तर उद्या शंभर बाय येऊन उभ्या राहतील. नियमांच्या पुस्तकात हे बसत नाही."

"पेटीत बसतंय ना?" असं म्हणून सिस्टरांनी ते कार्ड 'ब'च्या खणात घातलं.